अंदमानातली आखाजी

पोर्ट ब्लेअर

प्रिय उषा,

मी सुखरूप आहे. गुडघाही ठीक आहे. हे पत्र भडगावच्या मगनभाऊंच्या हाती देतो आहे. ते सहलीच्या गटाबरोबर इथे आले आहेत. उद्या परत निघतील आणि वरणगावला आपल्या घरी आणून देतील.

निघताना तू एकच सांगितलेस, सुनेला, ललिताला, आणि नातीला घेऊनच या. दीपक तापाने गेल्यावर त्या दोघींनी समुद्रापलीकडे एकटे का राहायचे, शाळा तर आपल्याकडेही आहे, हे तुझे म्हणणे मला पटले होते. ते काम अजून झालेले नाही.

ललिता सेल्युलर जेलमध्ये पाहुण्यांना माहिती सांगते. मलाही घेऊन गेली होती. मूळच्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. एका कोठडीतून दुसरी दिसू नये अशी बांधणी आहे. तिच्या आजोबांचे आजोबा इथे शिक्षेवर आले होते. शिक्षा संपल्यावर जमीन मिळाली आणि ते इथेच राहिले. अशा लोकांची मुले एकमेकांत लग्ने करत गेली, जात-भाषा फारशी धरली नाही, घरात हिंदी आली. हे ती पाहुण्यांना सांगते त्याच आवाजात मला सांगत होती. समोरच्या बेटावर इंग्रजांच्या पडक्या चर्चच्या भिंती झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. तिथे हरणे माणसांना घाबरत नाहीत.

कॉर्बिन कोव्हला वाळू स्वच्छ आहे, नारळाची झाडे पाण्याकडे वाकलेली आहेत. तिथेच मगनभाऊंचा गट भेटला. त्यांच्यातल्या वच्छलाबाई लुगडे खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "इतलं पानी शे भाऊ, पन केयीले एक थेंब कामना नही." केळीला खारे पाणी काय कामाचे, सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी विचारले, एकलेच आलात का. मी म्हटले, मुलाकडे आलो आहे. पुढे काही सांगितले नाही.

काल आखाजी झाली, इथल्या कॅलेंडरवर अक्षय्य तृतीया. तिकडे माझ्याऐवजी झुलालभाऊंनी घागर भरली असेल. इथे ललिताने स्वतःच तयारी केली होती. दीपक दरवर्षी आजोबांची घागर भरायचा, पण ती त्या दिवशी कामावर असायची, त्यामुळे तिने नीट पाहिलेले नव्हते. बाजारातून मातीची घागर आणली. वर ठेवायला डांगर काय, साधे खरबूजही मिळाले नाही, म्हणून शहाळे ठेवले. आणि घागरीत समुद्राचे पाणी होते. दीपक बोटीवर कामाला होता, म्हणून पहाटे जाऊन भरून आणले होते. मी सांगितले, बेटा, आपल्याकडे हे उन्हाचे दिवस. गेलेल्या माणसाला तहान लागते म्हणून घागर भरतात, गोडे पाणी लागते. तिने घागर अंगणात रिकामी केली आणि विसळली. कोऱ्या घागरीत खारटपणा मुरतो, म्हणून दरवेळी ओंजळीत पाणी घेऊन चाखत होती आणि पुन्हा विसळत होती. मी मदत करू का विचारले, तर मानेनेच नको म्हणाली. शेवटी घरातले प्यायचे पाणी भरले. नातीने फूल वाहिले. ललिता घागरीपुढे बसून हळूच म्हणाली, "पी लो, अब मीठा है." मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

उषा, मी तिला चल म्हटलेले नाही आणि म्हणणार नाही. हे फोनवर सांगता आले नसते. तू रडली असतीस आणि मी आणतो असे म्हणून बसलो असतो, म्हणून लिहितो आहे. तूही फोनवर तिला ये म्हणू नकोस. पाऊस संपला की आपण दोघे इथे येऊ, तू काही दिवस राहा. विचारले तर ती नाही म्हणणार नाही. म्हणूनच विचारायचे नाही.

तुझाच,
जगदीश