चार जबड्याचा चक कुणाला

मी, कस्तुराबाई हौसराव शितोळे, वय ७१, शाळा सातवी, राहणार इनामगाव, ता. शिरूर, हे मृत्युपत्र लिहिते. डोकं जाग्यावर हाय. कुणाचा दबाव न्हाई. दबाव आणायलासुदीक घरात माणूस लागतं.

१. घर आन् बँकेतलं सारं पोरगा विक्रम आन् पोरगी नीलम, दोघांना निम्मं-निम्मं.

२. मालकांच्या लेथचा तीन जबड्याचा चक, म्हंजी वस्तू आवळून धरायचा पंजा, धाकटे दीर आनंदराव यांना. "बाईनं लेथला हात लावला की सेंटर चुकतं," भावजी म्हणायचे. तिन्ही जबडे एकदम मिटत्यात, गोल शाफ्टला बेस. भावजींनी त्यात चौकोनी सळई धरली. ती उडाली आन् त्यांच्याच दुधाच्या कॅनला भोक पडलं. कॅन जपून ठिवलाय, तोबी त्यांनाच.

३. कोलेट यवतला दिलेल्या नीलमला. पातळ बूश, म्हंजी पोकळ नळीचा तुकडा, जबड्यात आवळला की चपटतो. कोलेट त्याला चहूबाजूंनी सारखं धरतो. हे कलम तिच्या सासूला वाचून दाखवू नये.

४. ऱ्हायली लेथ आन् चार जबड्याचा चक. विक्रम रांजणगावला कंपनीत हाय, तिथं चक बटनावर मिटतो. घरी येतो तवा गाडी बंद करत न्हाई. म्हणला, "आई, लेथ भंगारात दे." म्हणलं, "आधी मला तोल, मग लेथ."

चार जबडे येगयेगळे सरकत्यात. येड्यावाकड्या वस्तूला तोच लागतो. एक ढिला करायचा, समोरचा आवळायचा, हातानं फिरवून बघायचं, वस्तू न डुलता मधोमध फिरंस्तवर पुन्हा तेच. मालक अर्धा दिवस लावायचे. मी पुढ्यात बसून "अजून डुलतंय" म्हणायची. ते गेले तवा चकात मोटरीचं कव्हर होतं. नऊ वरसं तसंच हाय, डुलतंय.

दोघा पोरांतलं जे कोण ते कव्हर सेंटरला आणील, लेथ त्याची. घाई केली तर बाद. मी समोर बसून सांगणार.

वकील म्हणले, "मावशी, मृत्युपत्र मेल्यावर वाचत्यात." म्हणलं, "मग मला काय उपेग?" म्हणून दोघांना नक्कल आजच धाडलीय.

५. कुणीच आलं न्हाई तर भंगारवाल्याला बोलवा. चक सोडवायला तो तरी तासभर बसंल.

साक्षीदार:
सखूबाई मल्हार कोकरे, शेजारीण (सही)
शंभू गावडे, डेअरीवाले (सही)

लिहून देणार: कस्तुराबाई हौसराव शितोळे (सही, अंगठा न्हाई)

ठिकाण: इनामगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

चकाची चावी खिळ्याला हाय. दार नुसतं लोटलेलं असतं.