ताईच्या खात्यावरचं कार्ड

प्रशिक्षण वसतिगृह,
ता. ६ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बोललो तरी पत्र कशाला, असं म्हणशील. आई फोन स्पीकरवर ठेवते, शेजारच्या काकू मध्येच हवापाणी विचारतात, आणि त्या गलक्यात पैशाअडक्याचं काही बोलता येत नाही. तू पलीकडून नुसतं हं हं करतेस. म्हणून कागद काढला.

इथे एका खोलीत आम्ही चौघी आहोत. चौघीही दात बनवणाऱ्या, चौघीही परदेशी लॅबमध्ये चाललेल्या. दिवसभर मेणाच्या दाढा कोरायच्या आणि खोलीवर आलं की क्रेडिट कार्डांवर वाद घालायचा, असा आमचा दिनक्रम. खिडकीजवळच्या पलंगावरच्या मुलीकडे काळं चकचकीत कार्ड आहे. ते दाखवलं की विमानतळावर वेगळ्या दालनात बसवतात, सूप फुकट, सोफा मऊ. माझा जीव त्या सोफ्यावर जडलाय. दुसरी म्हणते पॉइंट मिळणारं घे, तिसरी म्हणते कार्डच नको, रोकड शिवून घे परकराला. मी बँकेत गेले तर त्यांनी मला उभंच केलं नाही. पगार अजून सुरू नाही आणि आधीचा काही व्यवहार नाही, म्हणून कार्ड नाही.

तू इतकी वर्षं आपल्या दातांच्या लॅबचं खातं सांभाळतेस आणि साबणाच्या वेष्टनावरचा बारीक मजकूरसुद्धा वाचतेस. तूच सांग काय करू. निघायला तीन आठवडे उरलेत.

आईला नमस्कार. माझ्या स्टुलावर पसारा मांडू नकोस.

तुझी,
भिंगरी


घरून,
ता. १५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या स्टुलावर पसारा मांडलेला आहे. प्लास्टरची पोती ठेवायला दुसरी जागा नाही.

काल दुपारी लॅब बंद ठेवून बँकेत गेले. तुझं ते काळं कार्ड म्हणजे निव्वळ भपका. सोफ्यावर तू वर्षातून दोनदा बसणार आणि परदेशात दर खरेदीमागे बँक चलन बदलायचा आकार वर्षभर कापणार. पॉइंटवालं तर इथल्या दुकानांपुरतं. एक साधं करड्या रंगाचं कार्ड आहे, दिसायला अगदीच गरीब, पण परदेशातल्या खर्चावर जादा काही घेत नाही आणि हरवलं तर एका फोनवर बंद होतं. तेच घ्यायचं. तुला ते देत नाहीत, पण मला देतात. माझ्या खात्यावर तुझ्या नावाचं ॲड-ऑन कार्ड निघेल. बिल माझ्याकडे येईल, तू दरमहा पैसे पाठव. लिमिट मी ठरवायचं असतं, ते भरपूर ठेवलंय. खर्चाचा मेसेज मात्र माझ्या फोनवर येणार, तेवढं चालवून घे.

बँकेतल्या बाईने हसून विचारलं की परदेशी कोण, तुम्ही चाललात का. मी म्हटलं, नाही, धाकटी बहीण. त्यावर ती नुसतं अच्छा म्हणाली. त्या अच्छानं माझा अख्खा दिवस नासवला. परदेशी लॅबकडून निवडीला आलेल्या त्या साहेबाने माझी दाढ भिंगाखाली धरून किती सुंदर म्हटलं होतं, आठवतं ना? आणि मग घड्याळाकडे बघून तुझं नाव लिहिलं, कारण तुझ्या तेवढ्या वेळात जास्त झाल्या होत्या. त्यांना भराभर हात हवा होता. मी तक्रार करत नाही. तुला भिंगरी हे नाव मीच ठेवलंय.

कार्ड आठवड्याभरात बँकेकडून थेट तुझ्या वसतिगृहावर येईल. मागे सही कर, नाहीतर विसरशील.

आशीर्वाद आहेतच, वेगळे मागू नकोस.

ताई


परदेशातून,
ता. १२ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले, रुळले, आणि करडं कार्ड फक्कड चालतंय. काळ्या कार्डवालीला पहिल्याच पंधरवड्यात कापलेले पैसे बघून घाम फुटला. तुझी आठवण काढून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

माझी खोली एका बेकरीच्या वर आहे, भिंत कायम कोमट असते. लॅब म्हणजे काय सांगू! प्रत्येकीला स्वतःचं टेबल, स्वतःचा दिवा, स्वतःची छोटी भट्टी. पोर्सेलिनची पावडर इतक्या छटांची की मी पहिल्या दिवशी नुसतीच बघत बसले. आपण दोघी एका दिव्याखाली डोकी आपटत बसायचो ते आठवून हसू आलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि दोन्ही हरवले म्हणून शोधत असतात. मी त्यांना मनात दोनचष्मी म्हणते. हाताला जादू आहे. पोर्सेलिनचा थर कसा चढवायचा ते मला नव्याने शिकवतायत. खाडाखोड झाली तरी हसतात. ताई, खरं सांगते, अगदी तुझ्यासारख्या आहेत.

आईच्या गुडघ्याचं कळव. माया आटू देऊ नकोस, इथे थंडी फार आहे.

भिंगरी


घरून,
ता. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

माझ्यासारख्या आहेत हे वाचून बरं वाटलं. इतक्या लवकर दुसरी ताई सापडली, नशीबवान आहेस.

तुझी खबर मला पत्राआधीच मिळते. हात प्लास्टरमध्ये असतात आणि फोन टुणकन वाजतो. आई पलंगावरून ओरडते, काय घेतलं गं तिने? मी हात पुसून दुकानाचं नाव आणि रक्कम वाचते, बाकीचं अंदाजाने सांगते. आज लोकरी मोजे. आज दूध. आज सिनेमा. आई शेजारच्या काकूंना सांगते, काकू जिन्यात सांगतात. तुझ्या मोज्यांची चर्चा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली आहे.

सिनेमाची रक्कम दोन तिकिटांची होती. मंगळवारी केकच्या दुकानातही दोघांचं बिल दिसलं, गुरुवारी पुन्हा. मी काही विचारत नाही. कार्ड माझ्या खात्यावरचं असलं तरी पैसे तुझे आहेत. फक्त एवढंच म्हणते की थर चढवायला तुला कुणी शिकवलं होतं, हे त्या बाईंना एकदा सांगून ठेव. नव्याने शिकवतायत म्हणे! मी काय जुनाट शिकवलं होतं?

इथे दिवा तोच आहे. आता एकटीचंच डोकं असल्यामुळे आपटत नाही.

ताई


परदेशातून,
ता. ५ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं. केकवरून नाकाने कांदे सोलणारी तूच एक! दोन तिकिटं आणि दोन केक दोनचष्मीबाईंचे होते. त्या एकट्या राहतात. मी एखाद्या तरुणासोबत फिरते अशी शंका असेल तर ती काढून टाक, इथले तरुण वेळेवर झोपतात.

आता महत्त्वाचं. माझा करार सहा महिन्यांचा आहे. पुढे राहायचं तर इथल्या दंत परिषदेची परीक्षा द्यावी लागते. दिली नाही तर गाशा गुंडाळून परत. मला वाटायचं दुसऱ्या वर्षी बघू, पण दोनचष्मीबाईंनी मला खुर्चीत बसवून समजावलं की आत्ताच बस, तुझा हात तयार आहे. परीक्षेची फी परिषदेच्या खिडकीवर स्वतः जाऊन भरायची, रोकड घेत नाहीत, फक्त कार्ड. शेवटची तारीख एकतीस मार्च. लॅबमधली सुट्टी मला नेमकी त्याच दिवशी मिळाली आहे, तेव्हा त्याच दिवशी भरेन.

रोज संध्याकाळी त्या माझ्याकडून तासभर सराव करून घेतात. मोठी बहीणच समज. फरक इतकाच की ओरडत नाहीत.

आईला सांग, मोजे छान आहेत.

भिंगरी


परदेशातून,
ता. ८ एप्रिल

ताई,

नमस्कार विनंती काही लिहिवत नाही.

एकतीस तारखेला खिडकीवर माझं कार्ड नाकारलं. पुन्हा घासलं, पुन्हा नाकारलं. मागे रांग होती, लोक घड्याळं बघत होते. मी तुला फोन केला, तू उचलला नाहीस. खिडकी बंद व्हायला आली तेव्हा दोनचष्मीबाईंनी, ज्या नुसत्या सोबतीला आल्या होत्या, स्वतःचं कार्ड पुढे केलं. त्या नसत्या तर करार संपताच मला सामान बांधावं लागलं असतं.

रविवारी तू आईसमोर म्हणालीस की बँकेच्या मशिनमध्ये काहीतरी बिघाड असेल. मीही तेच धरून चालले. सोमवारी बँकेला फोन लावला. तिकडच्या माणसाने अगदी अदबीने सांगितलं की बिघाड काही नाही, मूळ खातेदाराने चौदा मार्चला लिमिट कमी केलं आहे. मी ते तीनदा ऐकलं. माझं आधीचं पत्र तुला साधारण त्याच दिवशी मिळालं असणार. ओरडत नाहीत, हे वाक्य त्यात होतं.

तुला सिनेमा खुपत होता तर सांगायचं होतंस, मी गेले नसते. मला वाटायचं तू काटकसरीपोटी बोलतेस. बाईंचे पैसे मी परत केले. आता पगाराच्या दोन पावत्या जमल्या आहेत, इथल्या बँकेत स्वतःचं कार्ड मिळतंय, ओळख म्हणून बाई सही करणार आहेत. तुझं कार्ड ट्रंकेत ठेवलंय. आता तुझा फोन वाजणार नाही.


घरून,
ता. १८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. घ्यायचे असतील तर घे.

बिघाड बँकेत नव्हता, माझ्यात होता. पत्र वाचलं, अंगाचा तिळपापड झाला, आणि उभ्या उभ्या फोनवर ते लिमिट खाली ओढलं. केकपुरतं ठेवलं, एका वेळी एकाच केकपुरतं. फी त्याच कार्डावर भरणार हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. दोन दिवसांनी पूर्ववत करू म्हटलं आणि मग कवळ्यांचं मोठं काम आलं. तुझा फोन आला तेव्हा माझे हात खरंच प्लास्टरमध्ये होते, पण रविवारी जीभ मोकळी होती. तेव्हा मी खोटं बोलले.

काटकसर नव्हती ती. मी जळत होते. आधी तुझ्या टेबलावर, तुझ्या दिव्यावर, त्या पावडरींच्या छटांवर. एवढ्या छटा मी जन्मात पाहिल्या नाहीत आणि माझ्याइतक्या त्या कुणाला कळल्याही नसत्या. तेवढं मी गिळलं होतं. पण त्या बाई तुझा हात धरून शिकवतात म्हटल्यावर मला गिळवेना. तो हात मी धरलेला होता. तू गेलीस, जागा गेली, ठीक आहे, पण तुला शिकवणारी मी, एवढं तरी माझ्याकडे राहील असं वाटत होतं. तुझी परीक्षा बुडाली असती तर मी या टेबलावर पुन्हा कुठल्या तोंडाने बसले असते, कळत नाही. त्या बाईंचे माझ्या वतीने आभार मान. हे लिहितानाही मला त्यांचा राग येतोय, पण मान.

फोन वाजत नाही. आई रोज विचारते, आज काय घेतलं तिने? काही नाही म्हटलं की तिचं तोंड उतरतं. म्हणून मीच मनाने रचून सांगायला लागले. सोमवारी तू हातमोजे घेतलेस. बुधवारी संत्री. काल लाल रेनकोट, टोपीचा. आईला तो फार आवडला, काकूंना सांगून झालाय. तू तिच्याशी फोनवर बोलशील तेव्हा सांभाळून घे. मला सांभाळून घेऊ नकोस, तिला घे.

लिमिट पहिल्यापेक्षा वाढवून ठेवलंय. वापर असं म्हणायला मला तोंड नाही.

ताई


परदेशातून,
ता. १४ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पास झाले. निकाल काल लागला. आईला फोनवर सांगितलंच आहे, तिने रेनकोटाचं कापड कसं आहे विचारलं, मी मऊ आहे म्हणाले.

तुझ्यावर तीन आठवडे इतकी चिडले होते की तुझं पत्र आल्यावर फोडायलाही दोन दिवस लावले. ती चीड अजून पुरती गेलेली नाही. खिडकीवर मागच्या माणसाने टाकलेला सुस्कारा मला अजून ऐकू येतो. पण जळण्याचा मक्ता तुझ्या एकटीकडे आहे असं समजू नकोस. साहेबाने तुझी दाढ भिंगाखाली धरली तेव्हा मी शेजारीच उभी होते. माझ्या सगळ्या दाढांकडे त्याने एकदाही तसं बघितलं नाही. इथे येताना नमुना म्हणून तुझी एक दाढ आणायची होती, मी मुद्दाम आणली नाही. माझ्या दाढांशेजारी ती ठेवली असती तर इथे कुणी माझ्याकडे बघितलं नसतं. आणि बाई तुझ्यासारख्या आहेत असं लिहिलं ते खरं नव्हतं. त्यांचा हात चांगला आहे. तुझा त्याहून चांगला आहे. हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी दोन्ही चष्मे काढले आणि दाढ बघायला मागितली. तेव्हा एक दाढ नीट कापसात गुंडाळून पाठव. इथे आणखी एक टेबल रिकामं होतंय. पुढचं मी काही बोलत नाही, भिंगाखाली काय दिसायचं ते त्यांनाच दिसू दे. यावेळी घड्याळ कुणी लावणार नाही, एवढं मी विचारून घेतलंय.

आज ट्रंकेतून तुझं करडं कार्ड काढलं आणि बाजारात जाऊन लाल रेनकोट घेतला, टोपीचा. हे पत्र पोचण्याआधी तुझा फोन टुणकन वाजलेला असेल, आणि काय झालं ते तुला उमगलं नसेल. आता आईला रसभरीत वर्णन कर, खोटं बोलावं लागणार नाही.

रंग मात्र दोनचष्मीबाईंनी पसंत केला. जळ.

भिंगरी