पिनेवरचं कुंकू

१७ एप्रिल १९८३, रविवार
कूलर मागच्या खोलीतून काढला. टाकी घासली, नवी खस बांधली, घरभर वास. आणि दरवर्षीचाच खेळ: दोन पायांची पिन बोर्डात एका बाजूने घातली की पत्र्याला हात लावताच मुंग्या येतात, उलटी घातली की नाही. ह्यांनी बोटाच्या पाठीने पत्र्याला शिवून दोनदा पाहिलं, मग सुलट बाजूला कुंकवाचं बोट लावलं. ही बाजू वर. सगळ्या प्रतापनगरात हेच चालतं, कोणी खडू लावतं, कोणी नेलपॉलिश. शिवाय चपला घातल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, हा नियम.

२० एप्रिल, बुधवार
सुधा आली चांद्याहून, बाळंतपणाला. पहिलंच. जावई सोडून लगेच परत. पाय एवढे सुजलेत की चपलेत अंगठासुद्धा जात नाही, घरभर अनवाणी. मला पहिल्यांदा कूलर आठवला. म्हटलं, लांब राहा बाई त्याच्यापासून. तर म्हणते, "आई, मी तर त्यालेच टेकून झोपीन."
ह्यांना सांगितलं, इलेक्ट्रिशियन बोलवा. "काहून? कुंकू लावलं ना." अंगाची आग झाली.

२४ एप्रिल, रविवार
अक्षर वाकडं येतंय.
घरात बाळ येणार म्हणून सासूबाईंनी सकाळी कूलरची पूजा केली. हळदकुंकू पत्र्याला, पंख्याला, पिनेला. पिनेच्या दोन्ही बाजूंना. दुपारी लाइट गेली म्हणून पिन काढली, आल्यावर ह्यांनी परत घातली. हे म्हणतात कुंकू वरच होतं. होतंच. खालीही होतं.
सुधा बादली घेऊन निघाली टाकी भरायला, अनवाणी. मी धावत जाऊन बादली ओढून घेतली. त्या घाईत माझ्याही पायात काही नाही. ओली फरशी, हात पत्र्याला लागला आणि खांद्यापर्यंत मुसळ बसल्यासारखं झालं. बादली तिकडे, मी इकडे. सु. पुढे आली तर मी ओरडले, कशालाच शिवू नको. ह्यांनी बटण बंद केलं.
मला काही झालं नाही. पण तो हात तिचा असता तर
सासूबाई रडायला लागल्या. "म्या देव म्हणून लावलं वं." त्यांना काय बोलणार? ह्यांना मात्र बोलले. भरपूर.

२५ एप्रिल, सोमवार
कूलर बंद. सु. ओल्या चादरीखाली तळमळतेय. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो लग्नसराई आहे, सगळी माणसं मांडवांच्या लायटिंगवर. हे सायकल काढून थेट जुन्या वस्तीत, महालात गेले. (बोलल्याचा उपयोग झाला म्हणायचा.) तिथे गुलाब पराते म्हणून एक सापडला. घरी पूर्वी हातमाग होता, आता हा वायरिंग करतो. उद्या येतो म्हणालाय.

२७ एप्रिल, बुधवार
काल नाही, आज उगवला. तोंडात पान, तोंड अखंड चालू. पिन बघून हसत सुटला. "काकू, हे पिन आहे का देव्हारा?" मला राग आला. हसू नंतर आलं.
म्हणाला, "करंट एका तारेनं येते, दुसरीनं वापस जाते. चुकून पत्र्यात शिरला तर त्याले जमिनीत जायले तिसरी वाट पायजे. तुमच्याकडं दोनच. मंग तो माणसातून जाते." मोटरची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती, ती बदलली. तीन पायांची पिन लावली. ह्यांनी फ्यूजमध्ये घातलेली जाड तार उपसून बाहेर. "हे वितळनच कशी भाऊ? हिच्यावर कपडे वाळू घाला." हे तार फिरवून बघत बसले. मजा वाटली.
मग अर्थिंगचा खड्डा, म्हणजे ती तिसरी वाट. मागच्या अंगणात. पूर्वी मोरीचं पाणी तिथे मुरायचं. चिखल नको म्हणून गेल्या वर्षी पाइप बसवून ते बाहेर काढलं, तेव्हापासून खड्डा ठाक कोरडा. परातेने बल्बची एक वायर बोर्डात आणि एक खड्ड्याच्या तारेला जोडली, तर बल्ब जेमतेम लाल. आम्हाला लांब उभं केलं, खड्ड्यात पाणी ओतलं. लाल होता तो पिवळा झाला, दुसऱ्या बादलीला लख्ख, म्हणजे करंटला जमिनीत वाट मिळाली. आम्ही चौघं भर उन्हात एका बल्बकडे बघत उभे.
"आता लावा हात, काकू."
"आधी तुम्ही लावा. अनवाणी."
"भरोसा नाही का?"
"नाही."
हसला. चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभं राहून अख्खा पंजा पत्र्यावर ठेवला, आणि तसाच उभा राहून चहा मागितला, साखर जास्त. मग मी लावला हात. मुंगीसुद्धा नाही.
स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि रडून घेतलं. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

४ मे, बुधवार
पराते सांगून गेलाय, उन्हाळाभर खड्डा ओला ठेवा. ते काम सासूबाईंनी घेतलं. तुळशीला पाणी घातलं की एक बादली खड्ड्याला. आज बघते तर खड्ड्याच्या झाकणावर कुंकू. लावू देत. तिथे चालतं.
सु. दुपारी पत्र्यावर हात टाकून झोपली. मी शेजारी राखणीला बसले होते. बसल्या बसल्या मलाही झोप लागली.

१० मे, मंगळवार
पहाटे कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या अजून वेळ आहे, म्हणून दुपटी आणि डबा न्यायला घरी आलेय. हे तिथेच बसलेत.
आत नेताना सु. म्हणाली, "कूलर चालू ठेव आई. आम्ही येऊन राहिलो." 'आम्ही' म्हणाली.
सासूबाईंनी सकाळीच खड्ड्याला पाणी घातलंय. मी आत्ता आणखी एक बादली घातली. कूलर लावला. खोली गार होतेय, खाट रिकामी आहे. डबा भरून झाला, निघते.