गोठ्यातलं मुसकं

चि. ईश्वर, अक्काचा आशीर्वाद, पण आज अर्धाच.

पुण्याच्या दवाखान्यात तुझी पूनम बरी हाय. डॉक्टरनी तिच्या मेंदूचा फोटू दाखवला. पोट भरलं, आता थांब, असं सांगणारी जागा मेंदूत असती, हरभऱ्याएवढी. तिथं वाढलेल्या गाठीनं तीच जागा दाबून खराब केली. म्हणून किती बी खाल्लं तरी तिची भूक थांबत न्हाई. पोरगी हावरट न्हाई.

आन् तू बाप असून चारचौघांत म्हणालास, "मळणीच्या बैलावानी हिच्या तोंडाला मुसकं बांधा!" लाज न्हाई वाटली?

पोरीची आई शितल रडत बसली असंल. तिला आधी जेवायला सांग.

काल पूनमनं इचारलं, "आत्या, घरी गेल्यावर पप्पा खरंच बांधतील का?" आम्ही खुटबावला यायच्या आत गोठ्यातलं ते मुसकं चुलीत घाल. न्हाईतर पोरगी माझ्याकडं केंदूरला राहील.

तुझी थोरली,
तानुबाई