सतरंजीपुढे थांबलेली गाडी

बडोदे, मंगळवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी

आज स्वतःचीच किळस आली आहे.

आमच्या खात्याचे नवे साहेब मुंबईहून यायचे, म्हणून हार घेऊन मी स्टेशनवर गेलो होतो. त्याच गाडीनं माझी धाकटी बहीण गंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. म्हटलं, बरं झालं, एका फेरीत दोन्ही कामं.

साहेबांचा डबा मागे होता. तो नेमका फलाटावर अंथरलेल्या लाल सतरंजीपुढे यावा म्हणून गाडी पुढे घेतली, आणि तिसऱ्या वर्गाचे पुढचे तीन डबे फलाट सोडून खडीवर गेले. अहो, सतरंजी उचलून मागे अंथरता आली असती! कुणालाच सुचलं नाही? मला सुचलं होतं. बोललो नाही.

गंगू दारात उभी. खाली कमरेएवढं खोल. "दादा!" तिनं हाक मारली, मी ऐकली. साहेब सतरंजीवर पाय ठेवत होते, हेडक्लार्क माझ्याकडे बघत होते. मी हार पुढे केला.

"बेन, मारो हाथ पकडो," म्हणत एका हमालानं तिला धरलं, तरी ती खडीवर गुडघे टेकून पडलीच. सुईण म्हणते, पोटाला धक्का नाही. सुटलो, असं वाटलं. सुटलो! मी!

जेवताना आईनं तिला विचारलं, "दादा होता ना गं हात द्यायला?"

"होता की. त्यानंच उतरवून घेतलं," गंगू म्हणाली.

मी वर पुन्हा भात मागून घेतला.