दार उघडण्याआधी

रिसाली, भिलाई
३ नोव्हेंबर १९८४

तीर्थरूप ताईस दंडवत.

कमलिनीचा ताप उतरला. ती मला रागावू लागली आहे, म्हणजे प्रकृती सुधारली समज. तिला स्कूटरवरून दवाखान्यात नेणारे शेजारी हरबंससिंग काल बायकामुलांसह आपल्या दारी आले. दिल्लीत शिखांवर हल्ले झाल्याचं ऐकून घाबरले होते.

अतिथिधर्माच्या श्लोकांनी तुझं डोकं उठवणारा मी, आधी खिडकीतून रस्ता न्याहाळत राहिलो. कोणी पाहत तर नाही ना?

आतून कमलिनी कडाडली, "अहो, काहून उभे राहिले? दार उघडा न!"

उघडलं. आता हरबंससिंग तिला वेळेवर गोळ्या देतात आणि मला म्हणतात, "आपने बचा लिया, भाईसाहब." माझी मान वर होत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना 'दार उघडलं' एवढंच सांग.

तुझा,
नरहरी