रुखमाबाईच्या नावाचे बक्षीस परत आल्याबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे वाघबोडी,
जिल्हा चंद्रपूर.

विषय : मौजा हळदटोला येथील मंडईच्या नाटकास परवानगी मिळण्याबाबत, आणि नाटक होईपर्यंत पन्नास रुपयांची एक नोट ठाण्यात सांभाळून ठेवण्याबाबत.

संदर्भ : १. परवानगी नाकारल्याचे मंडई समितीस आलेले आपले पत्र.
२. अर्जदाराच्या ठाण्याकडील मागील फेऱ्या, ज्यांची नोंद कुठेच नाही.

अर्जदार : मुखरू सोमाजी गुरनुले, वय अंदाजे सत्तर, धंदा धानाची शेती, रा. हळदटोला.

महोदय,

अर्जदार सहीपुरते लिहितो. म्हणून त्याच्या सांगण्यावरून हा अर्ज मी, शेजारी राहणारा निवृत्त शिक्षक, लिहून देत आहे. अर्जदार सांगताना एका जागी बसत नाही. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की उठून दारात जातो, आपले कोणी आले नाही असे पाहून परत येतो आणि भलतेच काही सांगू लागतो. मुद्दे मागेपुढे झाले तर तो माझ्या शिक्षकपणाचा दोष समजू नये.

१) आपण या भागात नवीन आहात असे कळते, म्हणून आधी रीत सांगतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, घरोघर पाहुणे होतात आणि मांडवात नाटक लागते. एखाद्या कलावंताचे काम मनाला भिडले की प्रेक्षक उठतो, त्याच्या पदराला किंवा सदऱ्याला टाचणीने नोट लावतो आणि माइकवाला देणाऱ्याचे नाव पुकारतो. गेलेल्या माणसाच्या नावानेही बक्षीस देतात. त्या वेळी नाटक थांबते, भरल्या मांडवात त्या माणसाचे नाव घेतले जाते आणि मग राजा जिथे रडत होता तिथून पुढे रडू लागतो. यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

२) हर्षा दहिवले या आमच्याकडच्या नामांकित नटी. त्यांचे आईचे काम पाहून अर्जदाराची पत्नी रुखमाबाई दरवर्षी रडत असे, आणि रडून झाले की नवऱ्याला ढोसून बक्षीस द्यायला उठवत असे. रुखमाबाई वारल्यापासून अर्जदार न ढोसता उठतो. दर मंडईला पन्नासची कोरी नोट, रुखमाबाईच्या नावाने. वर्षातून तेवढा एकदाच तिच्या नावाचा चारचौघांत उच्चार होतो. घरात ते घेणारे आता कोणी नाही, कारण लेक पुनम गोंडपिपरीला दिलेली आहे.

३) आता मुख्य प्रकार. खाणीच्या रस्त्यासाठी आमच्या शिवारालगतची मोहाची झाडे तोडणार असे ठरले, तेव्हा तहसील कार्यालयासमोर लोक धरणे धरून बसले. हर्षाबाई स्वतःहून आल्या. भाषण मात्र त्यांना जमेना, दोन वाक्यांत अडखळल्या. तेव्हा बायकांनी नाटकातलेच बोला म्हणून गलका केला. मग त्यांनी आईचे ते बोलणे म्हटले, ज्यात ती उंबरा सोडायला नकार देते. समोर बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. अर्जदारही तिथे होता. तो उठला, खिशातली नोट काढली आणि जाऊन त्यांच्या पदराला लावली. आपण धरण्यात आहोत हे त्याच्या लक्षातच राहिले नाही. माइकवर चैतू होता. मंडईतही हाच चैतू माइक सांभाळतो, त्यामुळे त्याच्याही लक्षात राहिले नाही. त्याने सवयीने पुकारले, "मुखरूभाऊ गुरनुले यायच्याकडून पन्नास रुपये, स्वर्गवासी रुखमाबाईच्या नावानं, ताया वाजवा."

४) कोणीतरी ते मोबाइलमध्ये घेतले आणि "पन्नास रुपये" एवढ्यावर तोडून पसरवले. रुखमाबाई तिथेच कापली गेली. रस्त्याच्या बाजूच्या पक्षाने लिहिले की नटीला पैसे घेताना पकडले. तालुक्यापर्यंत पोचेतो पन्नासचे पन्नास हजार झाले, जिल्ह्यापर्यंत पोचेतो ते परदेशातून आले. अर्जदाराने आयुष्यात परदेश म्हणून सिरोंचापलीकडचा तेलंगण तेवढा पाहिला आहे.

५) झाडांच्या बाजूचा पक्ष तरी अर्जदाराच्या मदतीला यावा, तर त्यांनी जाहीर केले की हा म्हातारा समोरच्यांनीच पेरलेला आहे, हर्षाबाईंना बदनाम करायला. दुसऱ्या दिवशी समोरचे लोक खरोखरच शाल-नारळ घेऊन घरी आले आणि अर्जदाराला नटीचे बिंग फोडणारा "जागरूक नागरिक" म्हणू लागले. अर्जदार मागल्या दाराने बोडीकडे, म्हणजे शेतातल्या तळ्याकडे, पळाला. त्यांनी शाल दाराच्या कडीला अडकवून कडीसोबत फोटो काढला. तोही पसरला. तेव्हापासून पानठेल्यावर अर्जदार गेला की लोक विषय बदलतात.

६) मध्येच मुंबईच्या एका सिनेनटाने हर्षाबाईंच्या बाजूने मोठा मजकूर लिहिला. त्यात अर्जदाराला "शेवटची नोट देणारा उपाशी आदिवासी" म्हटले आहे. अर्जदार जातीने माळी असून त्याची धानाची कोठी भरलेली आहे. तरी हजारो लोक त्याच्यासाठी हळहळले आणि हजारोंनी त्या नटाला शिव्या दिल्या. झाडांची गोष्ट कोणीच काढली नाही, हे अर्जदाराने नव्हे, मी नमूद करीत आहे.

७) या सगळ्याचा परिणाम असा की गावोगावच्या समित्यांनी हर्षाबाईंची नाटके रद्द केली. आमच्या गावात वरचा मोहल्ला म्हणतो नाटक होईल तर हर्षाबाईंचेच, खालचा म्हणतो त्यांचे सोडून कोणाचेही. दोघांचेही अर्ज आपल्याकडे आले, आणि कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून आपण दोन्ही नामंजूर केले. आपल्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. पण मंडई आहे आणि मांडव नाही, असे आमच्या गावात कधी झालेले नाही. पुनम रोज फोन करून विचारते, "बाबा, येऊ का नोको येऊ?" अर्जदार फोन माझ्या हातात देतो.

८) इतके होऊनही अर्जदार गप्प राहिला असता. परंतु मागच्या गुरुवारी चैतू ती नोट घेऊन आला. हर्षाबाईंनी पाठवलेली. निरोप असा : "मामाले सांगजो, मी नाराज नाई. पण हे नोट माह्यापाशी राह्यली तं लोक मले विकलेली म्हनतीन." टाचणीसुद्धा तशीच होती. महोदय, झाडीपट्टीत दिलेले बक्षीस परत येत नसते. अर्जदार त्यावर जे बोलला ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण त्याला सरकारी मराठीत शब्द सापडला नाही : "गुरुजी, रुखमीले मांडवातून उठवून देल्ले हो."

तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नाही. नोट देव्हाऱ्यात ठेवली, तिथून काढली. कोठीत ठेवली, तिथून काढली. खर्च करवत नाही, कोणाला देववत नाही. ती खिशात घेऊन तो आपल्या ठाण्याच्या फाटकापर्यंत येतो आणि परत जातो. हे पाहवत नाही म्हणून मी लेखणी उचलली आहे.

तरी विनंती की, मंडईच्या दिवशी हर्षाबाईंच्या नाटकास परवानगी मिळावी. दोन्ही मोहल्ल्यांची हमी समिती देईल. न दिल्यास मी देतो, माझे पेन्शन आहे. बंदोबस्ताचा एक शिपाई पहिल्या रांगेत बसवावा, त्याच्यासमोर अर्जदार तीच नोट, त्याच टाचणीने, पुन्हा देईल. वाटल्यास पंचनामा करावा. एक पंच वरच्या मोहल्ल्याचा आणि एक खालच्या मोहल्ल्याचा घ्यावा. व्हिडिओ कोणी काढत असेल तर चैतूचे पुकारणे संपेपर्यंत थांबवू नये, एवढी समज आपल्या स्तरावरून द्यावी. झाडांबद्दल हा अर्ज काही मागत नाही. तो अर्ज वेगळा आहे आणि वेगळ्या कार्यालयात पडून आहे.

परवानगी देणे शक्य नसल्यास नोट तरी ठेवून घ्यावी. अर्जदाराला ती आता घरात नको आहे.

आपल्या उत्तराची उभ्यानेच वाट पाहणारा,

(सही) मुखरू सोमाजी गुरनुले

अर्ज लिहून देणार : गुणवंतराव लोनबले, निवृत्त शिक्षक, हळदटोला
दिनांक : मंडईच्या आधीचा सोमवार

सोबत : पन्नास रुपयांची नोट, एक. टाचणी काढलेली नाही, हाताळताना जपावे.

ता. क. : नोटेची पोच अर्जदाराच्या नावाने नको. ती कै. रुखमाबाई मुखरू गुरनुले यांच्या नावाने द्यावी, आणि देतेवेळी ठाण्यात जे कोणी हजर असतील त्यांच्यासमोर एकदा मोठ्याने वाचावी. अर्जदार फाटकाशी उभा असेल, त्याला ऐकू आले तरी पुरे.